वजनवाढीचा रकाना

"तुमच्या कॉम्प्युटरला येक गोष्ट इचारायची हाय, मॅडम." सरजाबाईंनी हातातला कागद कीबोर्डशेजारी ठेवला. "साहेब म्हनले, मी कुठं म्हनतोय, कॉम्प्युटर म्हनतोय. मग म्हनलं, त्यालाच इचारावं."

पंचशीलाला हसू आलं, पण कागद वाचता वाचता ते ओसरलं. ती कारणे दाखवा नोटीस होती. सरजाबाईंच्या अंगणवाडीतल्या एकोणीस बालकांचं वजन नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे सलग चार महिने एका ग्रॅमनेही वाढलेलं नाही. मार्चमध्ये मात्र ते एकदम सहाशे ते नऊशे ग्रॅमनी वाढल्याचं दिसतं. म्हणजे चार महिने वजनं घेतलीच नाहीत आणि मार्चची मनाने लिहिली. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवा समाप्तीचा प्रस्ताव पाठवण्यात येईल.

"बावीस वर्षं झाली मला," सरजाबाई म्हणाल्या. "कुनाचं बी वजन मनानं लिव्हलं न्हाई. आता गावात म्हनून राहिलेत, बाईनं लेकरांचा खाऊ घरी नेला. सून काई बोलत न्हाई, पन ताट वाढताना माझ्याकडं बगत बी न्हाई."

"बसा बाई. बघू आपण," पंचशीला म्हणाली आणि तिने तक्ता उघडला.

नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या बालविकास कार्यालयात पंचशीला नऊ वर्षं कंत्राटी ऑपरेटर होती. अंगणवाडी सेविका मोबाइलमध्ये काय भरायच्या ते वेगळं. आढावा बैठकीसाठी साहेबांना स्वतःचा एक तक्ता लागायचा. प्रत्येक गावाचं रजिस्टर महिन्याअखेरीला तिच्या टेबलावर यायचं आणि ती एकेका लेकराचं वजन एकेका ओळीत उतरवून घ्यायची. तालुक्यात अशी सहा हजारांवर लेकरं होती. पंचशीलाला त्यांची नावं, क्रमांक, जन्मतारखा माहीत होत्या.

तिने सरजाबाईंचं गाव शोधलं. पहिलंच नाव कावेरी दयानंद. वय दीड वर्ष. ऑक्टोबरमध्ये आठ किलो चारशे. खालच्या ओळीत, नोव्हेंबरमध्ये, आठ चारशे. डिसेंबरमध्ये आठ चारशे. जानेवारी, फेब्रुवारी, तेच. मार्चमध्ये नऊ तीनशे. शेजारी वजनवाढीचा रकाना होता: शून्य, शून्य, शून्य, शून्य, आणि मग नऊशे.

तो रकाना पंचशीलाचा होता. मार्चच्या शेवटी वरून फर्मान आलं होतं की नुसती वजनं नकोत, दर महिन्याला किती वाढलं ते दाखवा. पंचशीलाने दोन दिवस डोकं लावलं आणि सूत्र बसवलं. ओळीतल्या वजनातून त्याच लेकराच्या वरच्या ओळीतलं वजन वजा. एक टिचकी मारली की सहा हजार लेकरांची वजाबाकी भरभर खाली उतरत जायची. साहेबांनी खुर्च्यांवरून सगळ्यांना उठवून तिच्या टेबलाभोवती आणलं होतं. त्या दिवशी घरी जाताना तिने नवऱ्यासाठी, आनंदराजसाठी, पावशेर जिलेबी घेतली होती. "कसली ग?" त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "वजाबाकीची."

फक्त एक अडचण होती. जिथे वजनच नव्हतं तिथे वजाबाकी अडायची आणि रकाना लाल व्हायचा. बैठक दुसऱ्या दिवशी होती. साहेब दारातूनच म्हणाले होते, "मागचाच आकडा खाली ओढा की. एकही घर रिकामं दिसू नये." तिने ओढला होता. माउसचं बटण दाबून धरायचं आणि खाली यायचं. तीनशे चाळीस घरं दहा मिनिटांत भरली होती.

"बाई, रजिस्टर आणलंय?" तिने विचारलं.

सरजाबाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं. कावेरीच्या नावापुढे चार महिन्यांची चार घरं कोरी होती आणि त्यांच्यावरून आडवं, लाल शाईने, शाळकरी अक्षरात लिहिलेलं होतं: गावी नाही. कोयत्यावर. खालच्या नावापुढेही तेच. एकोणीस नावांपुढे तेच: आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली लेकरं.

पंचशीलाने पुन्हा एकदा पडद्यावरचे आकडे पाहिले. तिने रजिस्टर मिटलं. "मी बघते बाई. उद्या सांगते तुम्हाला."

"बगा माय. तुमच्या भरवशावर हाय." सरजाबाई कागद घडी करून निघाल्या. त्यांची जीप सव्वाला होती.

पंचशीलाने डबा उघडला. वांग्याची भाजी होती, तिच्या आवडीची. तिने एक घास मोडला आणि तो हातातच राहिला. खरं सांगितलं तर सूचना साहेबांची, हे तोंडी होतं. ओढणारा हात मात्र तिचा होता. तिचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? तिने घास डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि चपला घालून जवळपास पळतच जीपस्टँड गाठलं.

सरजाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. जीप अजून भरायची होती.

"मावशी, खाली उतरा जरा." बाईंची मावशी कधी झाली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "त्या नोटिशीतली चूक माझी आहे. तुम्ही घरं कोरी ठेवली होती. मी ती भरली. मागचं वजन पुढे ओढलं."

सरजाबाई उतरल्या. त्यांनी एकदा, दोनदा विचारून नीट समजून घेतलं. मग त्या हसू लागल्या. जीपमधली माणसं वळून बघायला लागली.

"म्हंजे लेकरं गेली उसाला, आन तुमी त्यांस्नी हितंच हुभं करून ठिवलं व्हय, चार म्हैने!"

पंचशीलाही हसली, ओशाळून. हसता हसता सरजाबाईंनी पदराने डोळे पुसले. पुसल्यावर पुन्हा भरले, तशी पंचशीलाने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला. साहेबांकडे."

स्वामी साहेब, मन्मथ स्वामी, माणूस वाईट नव्हता. वरच्यांना भिणारा आणि खालच्यांना फार न रागावणारा होता. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी सांगितलं होतं, खरंय," ते हळूच म्हणाले. मग आवाज बदलला. "पण पंचशीला, अहवाल वर गेलाय. चूक झाली म्हणून मागं घ्यायचा, तर त्याच्या जागी काय ठेवू? ती लेकरं चार महिने वाळली का वाढली, सांगणार कोण? मार्चचं वजन खरं कशावरून?"

"उज्वलाबाई सांगंल की," सरजाबाई म्हणाल्या.

"कोण उज्वलाबाई?"

"किल्लारीची सेविका. आमच्या गावाच्या टोळ्या तिकडच्या कारखान्याला ऊस तोडतेत. जानेवारीत तिचा फोन आलता मला, कावेरीला पहिली गोवराची सुई झाली का म्हून. लेकराच्या कार्डावर माझा नंबर होता. वजन करती का न्हाई ते म्या काई इचारलं न्हाई. पन येवढं इचारनारी बाई वजन केल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत काय आणायचं ते आणा. आणलं तर मी बघतो."

शनिवारी सुट्टी होती. सकाळच्या एसटीने दोघी नांदेडहून लातूरकडे निघाल्या. सरजाबाईंनी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, पंचशीलाने उकडलेली अंडी. लोहा मागे पडल्यावर सरजाबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमी आमची लेकरं कधी बगितली का वो?"

"नावं सगळी पाठ आहेत."

"नावं न्हाई. लेकरं."

पंचशीलाला या कामाला नऊ वर्षं झाली होती. सहा हजार लेकरांतलं एकही तिने पाहिलं नव्हतं.

"मग ऐका," सरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुरू केलं. क्रमांक दोनचा भिंतीचा चुना खातो, त्याच्या मागे दिवसभर हिंडावं लागतं. चार आणि पाच जुळ्या, एकीला वजन करताना झोळीत घातलं की दुसरी खाली रडते. सात क्रमांकाला खिचडीत वाटाणा दिसला की तो वेचून खिशात ठेवतो आणि घरी नेऊन बहिणीला देतो. अकराचा बाप तेलंगणातला, ते लेकरू पाण्याला नीळ्ळू म्हणतं आणि आता अंगणवाडीतली सगळीच पोरं नीळ्ळू म्हणायला लागलीत. कावेरी? कावेरी कुणाकडे जात नाही. नुसती बघते. "अशी बगती, जशी काय आपली तपासनी करून राहिली."

समोरच्या बाकावरची म्हातारीही वळून ऐकू लागली. अहमदपूरला पंचशीला इतकी हसली की तिच्या हातातलं अंडं खाली पडलं. लातूरला गाडी बदलताना तिच्याजवळ एकोणीस चेहरे होते.

किल्लारीला उज्वलाबाईंचं घर सापडायला अडचण पडली नाही. भूकंपानंतर वसवलेल्या गावात गल्ल्या सरळ आणि घरांना नंबर. उज्वलाबाई चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, चालता चालता बोलणारी बाई. पाणी झालं, चहा झाला, मग सरजाबाईंनी नोटीस पुढे केली.

उज्वलाबाईंनी वाचली. त्या आत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. वही पुढून त्यांच्या गावाची होती. त्यांनी ती उलटी केली आणि मागून उघडली. पानावर वर लिहिलं होतं: पाहुणी लेकरं.

"ही माझ्या यादीत न्हाईत, आक्का. माझ्या कॉम्प्युटरात ह्यांना जागा न्हाई. पन ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, कोप्यांवर, लेकरं दिसून ऱ्हायलीत, आन मी काटा घिऊन दुसरीकडं जाऊ का? दर म्हैन्याच्या दहा तारखेला मी तिथं जाऊन वजनं घेतली. गावंवार लिव्हलीत."

पंचशीलाने ते पान स्वतःकडे ओढलं. नाव, आईचं नाव, गाव, तारीख, वजन. एकेक घर. तिने सोबत आणलेल्या छापील तक्त्यावर पेन्सिलने भरायला सुरुवात केली आणि उज्वलाबाई वाचत गेल्या. चुना खाणारा: दोनशे वाढला, दीडशे वाढला, जानेवारीत शंभर, फेब्रुवारीत दोनशे. पंचशीला प्रत्येक वेळी खालच्यातून वरचं वजा करून मोठ्याने सांगायची आणि सरजाबाई दर आकड्याला, "हाव! वाढलं माजं लेकरू!" म्हणून मांडीवर थाप मारायच्या. जुळ्या बरोबरीने वाढल्या होत्या, पन्नास ग्रॅमचाही फरक नाही. नीळ्ळूवाला सगळ्यांत पुढे होता. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एखाद्या परीक्षेचा निकाल लागावा तसं चाललं होतं.

"कावेरी दयानंद," उज्वलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नोव्हेंबर, आठ चारशे. डिसेंबर, आठ. जानेवारी, सात सहाशे."

पंचशीलाची पेन्सिल थांबली. "सात?"

"सात सहाशे. हगवण लागली होती. कोपीत पानी कुठलं धड? सिंधु, तिची माय, तोडीला जायची पहाटं. मी तिला म्हनलं, चल. ती म्हनली, मुकादम वरडतो. म्हनलं, वरडू दे, मी हाय. लातूरच्या दवाखान्यात सहा दिवस ठिवलं. मंग रोज सकाळी मी कोपीवर जायची, अंडं आन भरड घिऊन. सिंधुनं बी लई केलं. मुकादमाला ठनकावून सांगितलं, दुपारची खेप मी करनार न्हाई, लेकराला भरवीन. फेब्रुवारी, आठ पाचशे."

पंचशीलाने मनातल्या मनात वजाबाकी केली. उणे चारशे. पुन्हा उणे चारशे. मग अधिक नऊशे. मार्चमध्ये आणखी आठशे. कार्यालयातल्या तक्त्यात हे लेकरू चार महिने एका जागी शांत उभं होतं. इकडे ते पार खाली जाऊन परत वर आलं होतं, आणि त्याला वर आणणाऱ्या दोन बायकांचा पत्ता कुठल्याच तक्त्यात नव्हता. उलट त्या वाढीलाच नोटिशीने खोटं म्हटलं होतं.

"उज्वलाबाई, तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का करायला?" तिने विचारलं.

"न्हाई." उज्वलाबाईंनी वही मिटली. "भूकंप झाला तवा मी सहा वर्सांची. नावं लिव्हायला मानसं आली होती. माज्या मामानं माजं नाव सांगितलं, तर लिव्हनाऱ्यानं दोनदा इचारलं, ही हाय ना? मामा म्हनला, हाय, हाय. ते माज्या ध्यानात ऱ्हायलंय. जे लेकरू हाय, त्याला हाय म्हनून लिव्हावं. येवढंच."

सरजाबाई उठल्या, त्यांनी पिशवीतून उरलेल्या भाकरी काढल्या आणि म्हणाल्या, "उज्वलाबाई, चटनी आमच्या नांदेडची हाय. खाऊन बगा, मंग सांगा लातूर चांगलं का नांदेड." त्या दुपारी तीन बायकांनी मिळून सात भाकरी संपवल्या.

एकोणीसपैकी सोळा लेकरांची वजनं मिळाली. तिघांचे आईबाप कर्नाटकातल्या कारखान्याला गेले होते. त्यांचं वजन कुणाजवळच नव्हतं. पंचशीलाने रविवारी कार्यालय उघडून घेतलं. ओढलेले सगळेच आकडे, सरजाबाईंचेच नाही तर साऱ्या तालुक्यातले तीनशे चाळीस, तिने एकेक करून पुसले. मिळालेली वजनं तारखेसह भरली. मिळाली नाहीत तिथे घर कोरं ठेवलं आणि लिहिलं: गावी नाही. सूत्र बदललं. आता वजाबाकी लगतच्या वरच्या ओळीतून होत नव्हती. खरं वजन जिथे शेवटचं होतं तिथून होत होती आणि मध्ये किती दिवस गेले ते शेजारी दिसत होतं. आनंदराज दुपारी डबा घेऊन आला आणि मागे उभा राहून बघू लागला.

"ही पण जिलेबीची वजाबाकी का?"

"ही त्याच्यापेक्षा भारी," ती म्हणाली. "पण जूनमध्ये कंत्राट राहतं का बघू."

"राहिलं तर राहिलं," तो म्हणाला आणि त्याने खुर्ची ओढून डबा उघडला.

सोमवारी स्वामी साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. वहीच्या पानांचे फोटो पाहिले. कावेरीच्या ओळींवर ते बराच वेळ थांबले.

"अजून कोरी घरं दिसतायत," ते म्हणाले.

"दिसू द्या, साहेब. लेकरू गावात नव्हतं, तर आकडा कुठून येईल?"

पंचशीलाने दुरुस्तीचं पत्र पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की कोऱ्या रकान्यांत मागील महिन्याचे आकडे ऑपरेटरने भरल्यामुळे वजनवाढ शून्य दिसली. सबब सेविकेस दिलेली नोटीस रद्द करावी. साहेबांनी पेन उघडलं. सही करायच्या आधी ते थांबले, 'ऑपरेटरने' या शब्दावर काकपद टाकलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: माझ्या तोंडी सूचनेनुसार. मग सही केली.

"साहेब..." पंचशीला म्हणाली.

"जा. टपाल आजच जाऊ दे," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

वरून साहेबांना एक खरमरीत पत्र आलं, ते त्यांनी फाइलला लावलं. नोटीस रद्द झाली. तशाच आणखी चार सेविकांच्या तयार होत्या, त्या निघाल्याच नाहीत. पंचशीलाचं कंत्राट जूनमध्ये पुढे सरकलं, नेहमीसारखं, अकरा महिन्यांसाठी. पण ते नंतरचं. त्याआधी एप्रिलचं वजन होतं आणि सरजाबाईंनी तिला बोलावणं धाडलं होतं.

अंगणवाडीच्या पत्र्याखाली आढ्याला काटा टांगला होता आणि त्याला झोळी. आयांची रांग दारापर्यंत होती. पंचशीला आत आली तर एक पोरगं भिंतीशी तोंड लावून उभं होतं. "क्रमांक दोन!" ती ओरडली. सरजाबाईंना हसू आवरेना.

सिंधु रांगेत चौथी होती. बारीक, उन्हाने रापलेली, वीस-बावीस वर्षांची. कडेवरच्या कावेरीने पंचशीलाला खालून वरपर्यंत पाहिलं. झोळीत बसवल्यावर ती रडली नाही. झोळी हलत राहिली, काटा मागेपुढे होत राहिला. पंचशीला लिहायची घाई न करता थांबली. काटा स्थिर झाला.

"नऊ सहाशे," ती म्हणाली. "तीनशे वाढलं."

सिंधु तिच्याकडे बघत राहिली. "तीनशे म्हंजे किती वो, मॅडम?"

इतकी वर्षं पंचशीलाने ग्रॅम लिहिले होते. ते केवढे असतात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सरजाबाई चुलीकडे गेल्या. खिचडीसाठी आणलेल्या बटाट्यांतले दोन त्यांनी निवडले, हातात तोलून बघितले, एक बदलला, आणि दोन्ही आणून सिंधुच्या ओंजळीत ठेवले.

"येवढं."

सिंधुने ओंजळ थोडी वर नेली, थोडी खाली आणली. मागच्या बायका थांबल्या होत्या, कावेरी झोळीत पाय हलवत बसली होती, आणि सिंधु ते दोन बटाटे हातात धरून तशीच उभी होती.